पोच मिळाली, बंदूक कुठे आहे?

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये भारताने २३,६२२ कोटी रुपयांचे संरक्षण साहित्य परदेशी विकले. आदल्या वर्षी हा आकडा २१,०८३ कोटी होता. शस्त्रे बनवण्यात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, भुसावळजवळ वरणगावला काडतुसे बनतात, आणि म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. निर्यातीचा आकडा दरवर्षी अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान मला खोटा वाटत नाही. पण विकलेले हत्यार कागदावर ज्याचे नाव होते त्याच्याकडेच आहे का, हे पाहायला कोण जाते? हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे असे मला वाटते, कारण या बाजारात विक्रेते म्हणून आपण नवे आहोत. करारांची भाषा अजून घट्ट झालेली नाही. दहा वर्षांनी ती बदलणे फार अवघड जाईल.

या प्रश्नाच्या दोन बाजू मांडण्यासाठी मी दोन माणसे कल्पिली आहेत. एक आत्या, न्हावाशेवा बंदरावर कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झालेली. दुसरा तिचा भाचा, पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या निर्यात विभागात काम करणारा. कारखाना रायफली आणि त्यांचे सुटे भाग बनवतो. ही दोघे कल्पनेतली असली, तरी त्यांच्या तोंडी आलेली प्रकरणे घडलेली आहेत.

भाचा: आत्या, समज मी परदेशातल्या एका शस्त्रविक्रेत्याला दोनशे रायफली पाठवतोय. त्याच्या सरकारने त्याला दुकानाचं लायसन्स दिलंय, आयातीचा परवाना दिलाय. आपल्याकडे स्कोमेट या निर्यात-नियंत्रणाच्या यादीच्या सहाव्या वर्गात माल बसतो, म्हणून संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी घेतलीय. माल शेवटी कोण वापरणार याची हमी देणारं एंड यूजर सर्टिफिकेट फाइलला लावलंय. दोन देशांच्या सरकारांनी सह्या केल्यावर मी त्या दुकानदाराच्या दारात जाऊन "तू खरा आहेस का" असं विचारायचं?

आत्या: तू नाही, पण कुणीतरी विचारायचंच. आणि आधी दार आहे का ते बघायचं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९९० पासून ‘ब्लू लँटर्न’ नावाची व्यवस्था चालवली आहे. परवाना देण्याआधी किंवा माल पोचल्यावर त्यांच्या दूतावासातला माणूस उठतो आणि पत्त्यावर जातो. दुकान आहे का, शस्त्रं ठेवायची खोली कुलपात आहे का, मागवलेला माल त्या दुकानाच्या आवाक्यातला आहे का, ऑर्डर दिल्याचं मालकाला मुळात माहीत आहे का, असे त्याचे प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न तुला विचित्र वाटेल. पण असे दुकानदार सापडले आहेत ज्यांच्या नावावर कुणीतरी भलत्यानेच माल मागवला होता.

भाचा: अमेरिकेचे दूतावास जगभर आहेत, माणसं आहेत, पैसा आहे. आमच्या निर्यात विभागात आम्ही चारजण.

आत्या: मग चारजणांना जमेल तेवढंच सांगते. ओटरलू प्रकरण ऐकलंयस?

भाचा: नाही.

आत्या: २००१ सालची गोष्ट. निकाराग्वाच्या पोलिसांकडे जुन्या एके-४७ पडून होत्या. ग्वाटेमालातल्या एका शस्त्रविक्रेत्या कंपनीने सांगितलं, आमच्याकडे पनामाच्या राष्ट्रीय पोलिसांची खरेदीची ऑर्डर आहे, या रायफली त्यांना हव्या आहेत. ऑर्डरचा कागद दाखवला. निकाराग्वाने सुमारे तीन हजार रायफली आणि पंचवीस लाख काडतुसं दिली. ओटरलू नावाचं जहाज एल रामा बंदरातून पनामासाठी म्हणून निघालं आणि थेट कोलंबियातल्या टुर्बो बंदरात गेलं. तिथे माल एयूसीच्या हाती पडला. एयूसी म्हणजे कोलंबियातल्या उजव्या निमलष्करी टोळ्यांची संघटना, गावंच्या गावं कापून काढणारी. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने चौकशी केली, अहवाल २००३ च्या जानेवारीत आला. त्यात काय निघालं माहीत आहे? पनामाची ऑर्डर बनावट होती, आणि ती खरी आहे का हे निकाराग्वातल्या कुणीही पनामाला विचारलंच नव्हतं.

भाचा: एक फोनही नाही?

आत्या: एकही नाही. त्या कागदावरच्या सहीचा माणूस पनामात बसला होता. दोन देशांच्या मध्ये फक्त कोस्टारिका आहे. त्याला गाठलं असतं तर तिथल्या तिथे सौदा संपला असता. तुम्ही चारजण आहात ना? फोन करायला एक पुरतो. फक्त सर्टिफिकेटवर छापलेल्या नंबरावर करायचा नाही. नंबर आपण आपला शोधायचा, त्या देशाच्या सरकारी यादीतून नाहीतर आपल्या दूतावासाकडून.

इथे मी थोडा थांबतो. ओटरलूच्या अहवालाने मला फार अस्वस्थ केले, कारण त्यातली चूक कुणा मोठ्या कटाइतकी गुंतागुंतीची नाही. अशी चूक व्हायला लाच, धमकी, राजकीय दबाव यांची गरज पडत नाही. विकणाऱ्याला माल विकायचा होता, समोर शिक्का मारलेला कागद होता, आणि कागदावरचा शिक्का पाहिला की आपले काम संपले असे प्रत्येक टेबलावरच्या माणसाने मानले. टुर्बोभोवतीच्या उराबा भागातल्या खेड्यांमधल्या माणसांनी त्याची किंमत मोजली. शस्त्रनिर्यातीच्या चर्चेत ही माणसे कधीच टेबलाच्या जवळपास नसतात.

भाचा: हे मान्य. पण हा सरळ बनावट कागदाचा गुन्हा झाला. बनावट कागदवाला काहीही करेल.

आत्या: बनावट कागदाचा गुन्हा आपल्या दारातही येऊन गेलाय. १९९५ चा डिसेंबर. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर रात्री विमानातून शस्त्रं टाकली. शेकडो रायफली, रॉकेट लाँचर, काडतुसांच्या पेट्या. माल बल्गेरियातल्या बुर्गासहून निघाला होता. त्याच्याबरोबरच्या एंड यूजर सर्टिफिकेटवर नाव होतं बांगलादेशचं. बांगलादेशने काही मागवलंच नव्हतं. पुढच्या काही दिवसांत ते विमान थायलंडहून परत येताना आपल्या हवाई दलाने मुंबईत उतरवलं. पीटर ब्लीच नावाचा ब्रिटिश शस्त्रदलाल आणि लाटव्हियन वैमानिक पकडले गेले. मुख्य माणूस, किम डेव्ही म्हणवणारा डॅनिश, मुंबई विमानतळावरूनच निसटला. डेन्मार्कच्या न्यायालयांनी त्याला भारताकडे द्यायला २०११ मध्ये नकार दिला आणि २०२४ मध्ये पुन्हा नकार दिला.

भाचा: म्हणजे तेव्हा आपण माल घेणारेही नव्हतो आणि विकणारेही नव्हतो. ज्यांच्या डोक्यावर पेट्या पडल्या ते आपण होतो.

आत्या: तेच मला सांगायचंय. बुर्गासमध्ये कुणीतरी तुझ्यासारखाच निर्यात विभागात बसला होता. त्याच्या फाइलमध्ये सगळे कागद होते. ढाक्याला कुणी विचारलं असतं तर पुरुलियाच्या शेतांत त्या पेट्या पडल्या नसत्या.

भाचा: ठीक आहे. बनावट कागद फोन करून पकडता येतो, तो पकडलाच पाहिजे, माझं काही म्हणणं नाही. पण तू तिथे थांबणार नाहीस हे मला माहीत आहे. कागद खरा, घेणारा खरा, माल त्याच्या गोदामात पोचला, पोचपावती आली. त्यानंतरही तुला मागे लागायचंय. तिथे माझं तुझं जमत नाही.

आत्या: कागद खरा आणि घेणारा खरा असलेलं प्रकरण सांगू? त्यात विकणारे जर्मन होते. नियमाने वागणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात.

भाचा: सांग.

आत्या: मेक्सिकोत शस्त्रं आयात करायचा अधिकार फक्त लष्कराकडे. संरक्षण मंत्रालयाचा एक विभाग सगळी खरेदी करतो आणि मग राज्यांच्या पोलिसांना वाटतो. ‘हेक्लर अँड कॉख’ या जर्मन कंपनीने २००६ ते २००९ मध्ये त्या विभागाला जी-३६ रायफली विकल्या. जर्मन सरकारने परवानगी दिली, पण चार राज्यांमध्ये या रायफली जायच्या नाहीत असं ठरलं होतं. चियापास, चिवावा, गेरेरो आणि हालिस्को. तिथल्या पोलिसांच्या वागण्याबद्दल जर्मनीला खात्री नव्हती. कंपनीने एंड यूजर सर्टिफिकेटं आणली, त्यांवर चालणाऱ्या राज्यांची नावं. प्रत्यक्षात चार हजारांहून जास्त रायफली त्या चार राज्यांमध्ये गेल्या.

भाचा: सर्टिफिकेटवर सही कुणाची?

आत्या: खरी सही. मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांची. घेणारा खरा, लष्कराचा विभाग. गोदाम खरं. ब्लू लँटर्नसारखी भेट मेक्सिको सिटीतल्या त्या गोदामाला दिली असती तर सगळं ठाकठीक दिसलं असतं. २०१४ च्या सप्टेंबरात गेरेरो राज्यातल्या इग्वाला शहरात आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी पोलिसांनी उचलले आणि ते परत आले नाहीत. इग्वालाच्या पोलिसांकडे जी-३६ रायफली सापडल्या.

भाचा: कंपनीचं काय झालं?

आत्या: युर्गन ग्रेसलिन नावाच्या शांततावादी कार्यकर्त्याने २०१० मध्येच तक्रार केली होती. खटला उभा राहायला आणि निकाल लागायला २०१९ चा फेब्रुवारी उजाडला. श्टुटगार्टच्या न्यायालयाने दोन माजी कर्मचाऱ्यांना शिक्षा दिली, ती निलंबित. कंपनीकडून ३७ लाख युरो वसूल करायचा आदेश झाला. वरचे व्यवस्थापक निर्दोष सुटले. पण माझं लक्ष निकालातल्या दुसऱ्याच एका गोष्टीकडे गेलं. न्यायालय म्हणालं, एंड यूजर सर्टिफिकेट हा निर्यात परवान्याचा भागच नाही. म्हणजे परवान्याची अट मोडली असं म्हणता येईना. शिक्षा झाली ती खोटी माहिती देऊन परवाना मिळवल्याची. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

भाचा: म्हणजे ज्या कागदावर सगळी भिस्त, तो कागद कायद्याने परवान्याच्या बाहेर?

आत्या: त्या परवान्यांत तरी तसंच होतं. म्हणून तुला विचारते, तुमच्या करारात शेवटच्या वापराची हमी कुठे आहे? मूळ कलमांत आहे, की मागे टाचलेल्या जोडपत्रात?

भाचा: ...जोडपत्रात.

मेक्सिकोचे प्रकरण या विषयात सर्वात मोलाचे आहे असे मी मानतो. एरवी वाईट दलाल, खोटा शिक्का, भ्रष्ट जनरल अशा पात्रांकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. येथे दोन्ही बाजूंना सरकारे होती आणि विकणारी कंपनी नावाजलेली होती. चूक पत्त्याची नव्हतीच. तपासणी केली असती तरी ती पहिल्या गोदामाशी थांबली असती आणि रायफली तिथून पुढे गेल्या होत्या. जर्मनीने यातून घेतलेला धडा नेमका होता. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने ठरवले की काही देशांना विकलेली छोटी शस्त्रे पोचल्यानंतर आपले अधिकारी तिथे जाऊन पाहतील. नमुना म्हणून निवडलेल्या शस्त्रांचे क्रमांक कागदावरच्या क्रमांकांशी ताडून पाहतील. तशी पहिली भेट २०१७ मध्ये झाली आणि ती भारतात झाली.

भाचा: हेच मला बोलायचं होतं, तूच विषय काढलास. आपल्याला असं तपासून घेणं कधी आवडलंय? ‘जलाश्व’ आठवतंय ना? अमेरिकेची जुनी ‘ट्रेन्टन’ युद्धनौका आपण घेतली, आणि तपासणीच्या अटींवरून २००८ मध्ये कॅगने ताशेरे ओढले. २००९ मध्ये हिलरी क्लिंटन आल्या तेव्हा एंड यूज मॉनिटरिंगच्या करारावरून संसदेत केवढा गदारोळ झाला! विरोधकांनी सभात्याग केला. सार्वभौमत्व विकलं असं म्हटलं. आता आपण विकणारे झालो, तर आफ्रिकेतल्या, आग्नेय आशियातल्या ग्राहकाला आपणच म्हणायचं की आमचा माणूस तुझं कोठार उघडून बघेल?

आत्या: हो, म्हणायचं.

भाचा: एवढं सोपं नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करार मताला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. आपलं म्हणणं काय होतं? हा करार विकणाऱ्या देशांच्या हातात एकतर्फी शस्त्र देतो, घेणाऱ्याला ते केव्हाही अडवू शकतात. अजूनही आपण त्यात नाही. ज्या अटीला आपण घेणारे म्हणून नकार दिला तीच विकणारे झाल्यावर लादायची, हा दुटप्पीपणा नाही का? आमच्याकडे येणारे ग्राहक याच कारणासाठी येतात. पाश्चिमात्य विकणारे त्यांना उपदेश करतात, आपण करत नाही. आपण आदराने वागवतो.

आत्या: हा तुझा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. मला तो हलका वाटत नाही.

खरोखरच हा मुद्दा हलका नाही. पाहणीला येणारा अधिकारी बहुधा श्रीमंत देशाचा असतो आणि ज्याचे कोठार उघडायचे तो गरीब देशाचा. स्वतःच्या सहीशिक्क्याने दिलेली हमी दुसऱ्याने संशयाने वाचावी हे कुणालाही झोंबते. भारताने ते अनुभवले आहे. पण २००९ च्या वादानंतर काय झाले हेही पाहिले पाहिजे. पाहणीची वेळ आणि जागा भारताच्या संमतीने ठरेल असे सांगून करार झाला, आणि त्यानंतर अमेरिकेकडून वाहतुकीची विमाने, सागरी टेहळणीची विमाने, हेलिकॉप्टरे, तोफा आपण घेतच राहिलो. २०१७ मध्ये जर्मन अधिकारी आले आणि पाहून गेले. त्यावरून आपल्याकडे मोर्चे निघाले नाहीत. बहुतेकांना ते कळलेही नाही.

आत्या: ऐक, माझं उत्तर असं आहे. पाहणी अपमानाची कधी होते? निवडक होते तेव्हा. याची बघू, त्याची नको, कारण हा गरीब आणि तो दोस्त. तुमच्या प्रत्येक करारात, प्रत्येक देशासाठी, एकच कलम असलं की त्यात संशय उरत नाही. आणि आपण स्वतः आधी दार उघडलंय ना, जर्मनांना, अमेरिकनांना? मग तर हे सांगायचा सगळ्यात जास्त हक्क आपल्याला. आम्ही दाखवलं, तुम्हीही दाखवा.

भाचा: आणि ग्राहक दुसरीकडे गेला तर? तुर्की आहे, चीन आहे, सर्बिया आहे. ते काही विचारत नाहीत असं धर.

आत्या: काही जातील.

भाचा: आत्या, ते काही म्हणजे आमची अख्खी शिफ्ट असते. अमेरिकेचंच उदाहरण घे. २०२० मध्ये त्यांनी साध्या बंदुकांची निर्यात परराष्ट्र खात्याकडून काढून वाणिज्य खात्याकडे दिली, व्यापार सोपा करायला. २०२३ च्या ऑक्टोबरात खाजगी ग्राहकांसाठीचे बहुतेक नवे परवाने एकदम थांबवले. २०२४ मध्ये नियम आला, छत्तीस देशांची यादी, तिथल्या बिगर-सरकारी ग्राहकांना परवाना नाकारायचा हेच गृहीत. परवान्याची मुदत चार वर्षांवरून एक वर्ष. मग नवं सरकार आलं, त्याने २०२५ च्या सप्टेंबरात तो नियमच रद्द केला. पाच वर्षांत तीन वेळा दिशा बदलली. अशा ठिकाणी कारखाना चालवणाऱ्याने काय करायचं?

आत्या: त्या धरसोडीचा मलाही राग येतो. पण त्यात तपासणीचा दोष नाही. उलट दुकानं एकेक करून तपासत गेलं असतं, तर अख्ख्या छत्तीस देशांवर एकदम कुऱ्हाड चालवायची वेळ आली नसती. वाणिज्य खात्याचे परदेशात बसणारे निर्यात-नियंत्रण अधिकारी मोजके आहेत. दिल्लीत एक असतो, दुबई, सिंगापूर, इस्तंबूलमध्ये असतात, आणि एकेकाच्या पदरात कितीतरी देश. माणसं नसली की यादी करावी लागते.

भाचा: बरं, थायलंड घे. २०२२ च्या ऑक्टोबरात नोंगबुआलाम्फूच्या पाळणाघरात एका माजी पोलिसाने हत्याकांड केलं. त्याच्याकडचं पिस्तूल कायदेशीर घेतलेलं होतं. दुकान खरं, परवाना खरा, गिऱ्हाईक पोलीस. तुझ्या अधिकाऱ्याने ते दुकान दहादा पाहिलं असतं तरी ते हत्याकांड टळलं नसतं.

आत्या थोडा वेळ काही बोलत नाही. मलाही येथे तिच्या बाजूने घाईने काही म्हणवत नाही. विक्रेता कायदेशीर आहे का, एवढेच पाहणारी तपासणी त्या विक्रेत्याच्या देशातला कायदा चांगला आहे असे मानून चालते. कायदाच ढिला असेल तर तपासणीचा शेरा हिरवा येतो आणि त्या शेऱ्याने निर्यातदाराची झोप शांत होते. तपासणीचे समर्थन करणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आत्या: नसतं टळलं. खरं आहे. तिथे प्रश्न आधीचा आहे, त्या बाजारात विकायचं की नाही हा. त्याचं उत्तर कोठारात जाऊन मिळत नाही. पण तू त्यावरून कोठारात जाऊच नये असं म्हणणार असशील तर मला पटत नाही. हिवतापाची गोळी क्षयाला चालत नाही म्हणून कुणी ती फेकून देत नाही.

भाचा: असं मी म्हणत नाही. मला म्हणायचंय, तपासणीला एवढं मोठं करू नकोस की ती झाली म्हणजे सगळं झालं.

आत्या: हे तू माझ्याच बाजूने बोलतोयस. १९९९ सालची बुर्किना फासोची गोष्ट त्यासाठीच सांगते. युक्रेनने त्या देशाला शस्त्रं विकली, ६८ टन. एंड यूजर सर्टिफिकेट होतं, मार्चमध्ये विमान राजधानीत, वागाडुगूला, उतरलं. पोच मिळाली. कागदाप्रमाणे काम संपलं. काही दिवसांतच तीच शस्त्रं दुसऱ्या विमानाने हलली आणि लायबेरियात गेली, तिथून सिएरा लिओनच्या बंडखोरांकडे. त्या दोन्ही जागी माल पाठवायला संयुक्त राष्ट्रांची बंदी होती. सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञमंडळाने २००० च्या डिसेंबरात हे सगळं लिहून ठेवलं. म्हणून मी म्हणते, माल पोचला का हा अर्धा प्रश्न आहे. सहा महिन्यांनी, वर्षाने, अमुक क्रमांकाची रायफल दाखवा असं म्हणायचा हक्क हातात पाहिजे. हक्क आहे एवढं नुसतं माहीत असलं तरी कोठाराचा माणूस विचार करतो.

भाचा: आपल्या मालाबद्दलही बोल ना. २०२४ च्या सप्टेंबरात रॉयटर्सने बातमी दिली, भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या ग्राहकांनी पुढे युक्रेनला दिले म्हणून. परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी अंदाजपंचे आणि दिशाभूल करणारी म्हणून फेटाळली.

आत्या: बातमी खरी की खोटी यात मी पडत नाही. मी फक्त एक विचारते. उद्या अशीच बातमी एखाद्या रायफलीबद्दल आली, तुमच्या कारखान्याचा क्रमांक फोटोत दिसला, तर "आमचा माल जिथे असायला हवा तिथेच आहे, आम्ही अमुक महिन्यात पाहून आलो" असं सांगायला तुमच्याकडे काय असेल? नुसता इन्कार की पाहणीचा अहवाल?

भाचा: तो अहवाल लिहायला जाणार कोण? मी परत परत तिथेच येतोय. कारखान्याने माणूस पाठवला तर ग्राहक त्याला जेवू घालेल आणि कोठाराच्या बाहेरून परत पाठवेल. माझ्या पगाराचा माणूस माझ्या पुढच्या ऑर्डरविरुद्ध लिहिणार नाही. हे मी स्वतःबद्दलच बोलतोय.

आत्या: बरोबर. विकणाऱ्याने स्वतः तपासू नये. कंपनीने करायचं ते आधीचं काम. घेणारा खरा दुकानदार आहे की नुसता माल पुढे ढकलणारा फॉरवर्डर? पत्ता दुकानाचा आहे की कुणाच्या फ्लॅटचा? त्या देशात खपतील त्याच्या दसपट बंदुका मागतोय का? सुट्या भागांत आणि दुरुस्तीत त्याला काहीच रस नाही, पैसे मात्र आगाऊ द्यायला तयार आहे, असं आहे का? माल जवळच्या बंदरावर उतरवायचा सोडून तीन देश फिरवून न्यायचा आहे का? हे सगळं शिपिंग बिल भरायच्या आधी तुमच्या टेबलावर कळतं. कंटेनर सील होऊन गेटातून आत गेला की आम्ही फक्त क्रमांक जुळतात का ते बघायचो.

भाचा: आणि नंतरचं?

आत्या: नंतरचं सरकारचं. आपल्या बऱ्याच दूतावासांत डिफेन्स अताशे आहेत. आज त्यांना निर्यात वाढवायला सांगितलंय, प्रदर्शनांना जायला, ग्राहकांना भेटायला. त्याच माणसाने वर्षातून एकदा कोठारात जाऊन वीस क्रमांक ताडून बघायचे. मात्र त्याचा अहवाल विक्रीच्या विभागाकडे जाऊ नये. परवाना देणाऱ्याकडे जावा. विकायला उत्सुक असलेल्या माणसाच्या हातात दोन्ही कामं दिली तर तुझ्या पगारासारखंच होईल.

भाचा: समज अहवाल वाईट आला. दोनशेपैकी साठ रायफली जागेवर नाहीत. माल तर गेला, पैसे आले. आता आपण काय करणार? परत आणणार?

आत्या: त्या साठ परत येत नाहीत. त्या कुठे गेल्या हे त्या देशाच्या सरकारला विचारायचं, आणि दुसऱ्या विकणाऱ्या देशांना कळवायचं, म्हणजे तोच दुकानदार तुर्कीकडून किंवा सर्बियाकडून पुढची खेप घेणार नाही. तुझी जरब असते ती पुढच्या मालावर. काडतुसं, नळ्या, सुटे भाग, दुरुस्ती. रायफल एकदा घेतली की तिला दहा वर्षं हे लागत राहतं. ते थांबवता आलं पाहिजे, आणि ते थांबवणं करारभंग ठरता कामा नये. यासाठी ते कलम जोडपत्रात ठेवून चालणार नाही, करारात पाहिजे.

भाचा: आमचे वकील म्हणतील, असं कलम पाहून घेणारा दर पाडून मागेल.

आत्या: मागू दे. तो दर किती पडतो ते एकदा मोज तरी. आजवर कुणी मोजलाय?

भाचा: नाही. पुढच्या महिन्यात दोन करार नव्याने होणार आहेत. त्यातल्या एकात मी हे कलम मूळ मजकुरात घालून पाहतो, एंड यूजर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि रायफलींची क्रमांकयादी दोन्ही त्याच कलमात. पाहणीला येणारा माणूस सरकारचा असेल, आमचा नसेल, असंही लिहितो. ग्राहक काय म्हणतो ते कळेल. पण सरकारचा माणूस खरंच जाईल याची हमी मी कुठून आणू? ती जबाबदारी माझ्या सहीने घेता येत नाही.

आत्या: नाही येत. त्यासाठी संरक्षण उत्पादन विभागाला पत्र लिहावं लागेल, तुमच्या एकट्याच्या कारखान्याने नाही, सगळ्या निर्यातदारांनी मिळून. मसुदा तू लिही. कस्टम्सच्या बाजूचे परिच्छेद मी लिहून देते.